पहिली बचत महिन्यांत मोजा: नव्याने कमावू लागलेल्यांसाठी पैशांची क्रमवार मांडणी

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे सरली, खात्यात थोडेफार पैसे साठले की लगेच प्रश्न येतो: कुठे गुंतवू? त्याआधी एक भागाकार करा. साठलेल्या रकमेला तुमच्या महिन्याच्या आवश्यक खर्चाने भागा. उत्तर महिन्यांत येईल. उद्या पगार थांबला तर इतके महिने तुम्ही कोणापुढे हात न पसरता राहू शकता. पंचविशीतल्या बचतीचे खरे मोल या महिन्यांत आहे. जाच होणारी नोकरी सोडता येते, आजारपणात कर्ज काढावे लागत नाही, काही नवे शिकायचे तर दोन महिने बिनपगारी राहता येते. परताव्याचा विचार त्यानंतरचा.

या लेखात कुठलेच चलन वापरलेले नाही. महिन्याचा आवश्यक खर्च १०० धरला आहे. तुमचा आकडा त्या जागी घाला आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात वाढवा.

पायरी १: १०० म्हणजे नेमके किती, ते काढा

मागच्या तीन महिन्यांची बँकेची विवरणपत्रे समोर घ्या आणि प्रत्येक नोंद तीनपैकी एका रकान्यात टाका. पहिला रकाना थांबवता न येणाऱ्या खर्चांचा: भाडे, जेवण, वीज-पाणी, कामावर जाण्यायेण्याचा प्रवास, फोन-इंटरनेट, औषधे, कर्जाचे हप्ते आणि घरी पाठवायचे पैसे. घरी दिले जाणारे पैसे बरेच जण खर्चात धरतच नाहीत, पण पगार थांबला म्हणून आईवडिलांचा खर्च थांबत नाही. दुसऱ्या रकान्यात मनात आणले तर बंद करता येतील असे खर्च. तिसऱ्यात वर्षातून एकदा-दोनदा येणारे: विम्याचा हप्ता, शुल्क, वाहनाची दुरुस्ती, भाडेकराराचे नूतनीकरण.

हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या रकान्यात, कारण तीन महिन्यांच्या विवरणपत्रात हे खर्च दिसतीलच असे नाही. म्हणून ते आठवून लिहा, वर्षाची बेरीज करा आणि १२ ने भागा. उदाहरणार्थ भाडे ३५, जेवण २५, प्रवास १०, वीज-फोन ६, घरी १०, कर्जाचा हप्ता ६. झाले ९२. वर्षाचे अधूनमधून येणारे खर्च ९६, म्हणजे महिन्याला ८. एकूण १००. हा आठचा वाटा दर महिन्याला बाजूला काढत गेलात तर विम्याच्या हप्त्याच्या महिन्यात संकटासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागत नाही.

रोख काढलेल्या रकमेकडे वेगळे लक्ष द्या. विवरणपत्रात ती एकच ओळ असते आणि तिच्यामागे वीस छोटे खर्च लपलेले असतात. महिनाभर ते वहीत टिपा. एकदा अंदाज आला की पुन्हा टिपायची गरज नाही.

पायरी २: बचत पगाराच्या मागोमाग आपोआप निघू द्या

दोन खाती हवीत. एकात पगार येतो आणि खर्च होतो. दुसऱ्यात फक्त बचत जाते, त्याचे कार्ड पाकिटात ठेवायचे नाही आणि पैसे भरायच्या कुठल्याही ॲपला ते जोडायचे नाही. पगाराच्या खात्यातून बचतीच्या खात्यात ठरावीक तारखेला रक्कम जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. तारीख पगाराच्या नेहमीच्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. अगदी त्याच दिवसाची ठेवली आणि पगार एक दिवस लांबला, तर व्यवहार अडतो आणि काही बँका त्याचा दंडही लावतात.

रक्कम किती? तीन महिने सलग मोडावी लागणार नाही इतकी. सुरुवातीलाच पगाराच्या ४० टक्क्यांवर उडी मारायची आणि २० तारखेला त्यातलेच पैसे परत काढायचे, यात पैसेही साठत नाहीत आणि उमेदही जाते. १० टक्क्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र पगारवाढ झाली की वाढीव रकमेतला निम्मा वाटा पहिल्याच महिन्यापासून बचतीकडे वळवा. वाढीव पैशांची सवय लागायच्या आत हे केले तर जड जात नाही.

सुरुवातीच्या वर्षांत परताव्याच्या मागे धावण्यात हशील का नाही, ते या गणितातून दिसते. दर वर्षाअखेर १,००० बाजूला टाकले तर ६ टक्के दराने पाच वर्षांत ५,६३७ होतात. १० टक्के दर मिळाला तर ६,१०५. आता दर ६ टक्केच ठेवा आणि बचत १,००० ऐवजी १,१०० करा: ६,२०१. बचतीत दहावा हिस्सा भर घालणे हे चार टक्के जादा परतावा मिळवण्यापेक्षा फायद्याचे ठरले, तेही कुठलीच जोखीम न घेता. रक्कम लहान असते तेव्हा तुमचा वेळ फंडांची तुलना करण्यापेक्षा खर्च आणि कमाईवर जास्त कारणी लागतो.

पायरी ३: आधी एक महिना, मग महागडे कर्ज

पहिले १०० जमले की ते बचत खात्यातच राहू द्या. एवढी गंगाजळी हाताशी नसेल तर कर्ज फेडण्याच्या भरात सगळे संपते आणि फोन बिघडला की पुन्हा कार्डावर उधारी होते.

त्यानंतर महागडे कर्ज. सुरक्षित मुदत ठेवीवर जेवढे व्याज मिळते त्याच्या दुपटीहून जास्त दर असलेले प्रत्येक कर्ज महाग समजा. ते फेडणे म्हणजे तेवढ्याच दराचा खात्रीचा परतावा, आणि इतका खात्रीचा परतावा दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

क्रेडिट कार्डाचे बिल नीट पाहा. त्यावर एकूण देय रक्कम असते आणि तिच्याजवळच किमान देय रक्कम. किमान भरली की तगादा येत नाही, विलंब शुल्क लागत नाही, आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. आता आकडे पाहा. थकबाकी १,०००, व्याज महिन्याला ३ टक्के, किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के, नवी खरेदी काहीही नाही. पहिल्या महिन्यात ३० व्याज चढून १,०३० झाले. तुम्ही ५१.५० भरले. उरले ९७८.५०. म्हणजे खिशातून साडेएक्कावन्न गेले आणि कर्ज साडेएकवीसने उतरले. असेच चालू ठेवले तर थकबाकी निम्म्यावर यायला ३२ महिने लागतात. तोवर तुम्ही साधारण १,२०० भरलेले असतात आणि ५०० अजून बाकीच असतात. शिवाय थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून कार्ड वापरायचे तर एकूण देय रकमेची आपोआप वजावट लावूनच.

कर्जे एकाहून जास्त असतील तर सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरा आणि वरचा प्रत्येक पैसा सर्वांत जास्त दराच्या कर्जावर टाका. मुदतीआधी रक्कम भरणार असाल तर आधी दोन गोष्टी विचारा: त्यावर शुल्क आहे का, आणि भरल्यावर हप्ता कमी होणार की मुदत. हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करून घ्या, व्याज त्यातच जास्त वाचते.

नवे कर्ज घेताना दर कसा मोजला आहे ते पाहा. तीन वर्षांसाठी सरसकट १० टक्के म्हणजे १०० च्या कर्जावर ३० व्याज, एकूण १३० ची ३६ हप्त्यांत फेड. ऐकायला स्वस्त वाटते. पण मुद्दल दर महिन्याला उतरत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०० वर धरलेले असते. उतरत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर सुमारे १८ टक्के निघतो.

पायरी ४: संकटासाठीचे महिने पुरे करा

कायम नोकरी असेल, कोणी अवलंबून नसेल तर तीन ते चार महिने. घरचे अवलंबून असतील तर सहा. कंत्राटी काम, स्वतःचा व्यवसाय किंवा अनियमित कमाई असेल तर नऊ ते बारा. हे महिने आवश्यक खर्चाचे. पगाराचे धरलेत तर लक्ष्य विनाकारण दूर जाते.

पैसे ठेवायचे कसे तेही महत्त्वाचे. समजा पाच महिन्यांचे ५०० ठेवायचे आहेत. १०० बचत खात्यात ठेवा. उरलेल्या ४०० ची एकच मुदत ठेव करू नका, १०० च्या चार वेगवेगळ्या करा. ९० ची गरज पडली तर एकच ठेव मोडावी लागते, मुदतीआधी मोडल्याने व्याज कमी मिळते ते तेवढ्याच एका ठेवीवर, बाकीच्या तीन तशाच वाढत राहतात. ठेव ऑनलाइन मोडता येते का आणि पैसे किती वेळात खात्यात येतात ते ठेव करतानाच बघून घ्या. रात्री दोन वाजता रुग्णालयात पैसे भरायची वेळ आली तर ठेवीची पावती कामाची नाही. बँकेतल्या ठेवींना किती रकमेपर्यंत विम्याचे संरक्षण आहे तेही पाहा आणि त्या मर्यादेच्या आत राहा.

शेअर बाजार, सोने किंवा लांब मुदतीच्या योजना या पैशांसाठी नकोत. नोकऱ्या जातात तेव्हाच बहुधा बाजारही पडलेला असतो, आणि भाव खाली असताना विकावे लागणे हेच खरे नुकसान.

आणि काय काय संकट धरायचे, ते पैसे हाताशी नसतानाच लिहून ठेवा: नोकरी जाणे, आजारपण, घरातली तातडी, कामाचे साधन बिघडणे. स्वस्तात मिळणारा नवा फोन त्या यादीत बसत नाही.

पायरी ५: विमा

आरोग्य विमा तब्येत चांगली असतानाच घ्या. आजार जडल्यावर हप्ता वाढतो, प्रतीक्षा कालावधी (त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही असा सुरुवातीचा काळ) लागतो किंवा विमा मिळतच नाही. नोकरीकडून मिळालेले संरक्षण नोकरीबरोबर जाते, म्हणून स्वतःची एक वेगळी पॉलिसी हवी. अर्जात आधीचा आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे, धूम्रपान सगळे खरे लिहा. दावा फेटाळला जाण्यामागे लपवलेली माहिती हे मोठे कारण असते. एजंट घाईत फॉर्म भरत असेल तर सही करण्याआधी ते पान स्वतः वाचा.

आयुर्विमा फक्त तुमच्या कमाईवर कोणी जगत असेल तर. रक्कम काढण्याची सोपी रीत अशी: अवलंबितांचा वर्षाचा खर्च गुणिले तो जितकी वर्षे लागेल ती वर्षे, अधिक तुमची कर्जे, वजा बचत. आईवडिलांना महिन्याला ४० लागत असतील तर वर्षाचे ४८०, वीस वर्षांचे ९,६००. कर्ज ६०० मिळवा, बचत ५०० वजा करा. ९,७०० चा विमा हवा. यात व्याज आणि महागाई एकमेकांना भरून काढतील असे धरले आहे. एवढे मोठे संरक्षण परवडते ते शुद्ध मुदत विम्यातच. त्यात मुदतीनंतर काही परत मिळत नाही, आणि हप्ता कमी असण्याचे कारणही तेच. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या योजनेत दोन्ही अर्धवट राहतात, आणि दोन-तीन वर्षांनी सोडायची म्हटली की भरलेल्या पैशांतला बराच भाग जातो.

पायरी ६: स्वतःच्या कमाईची ताकद वाढवा

विशीत अजून पस्तीस-चाळीस वर्षांची कमाई पुढे असते, त्यामुळे कौशल्यावर केलेला खर्च कुठल्याही ठेवीपेक्षा जास्त देऊ शकतो. देईलच असे नाही, म्हणून हिशेब करा. अभ्यासक्रमाचा खर्च २४०, त्यामुळे महिन्याला हातात १५ जास्त येतील असा अंदाज. २४० भागिले १५, म्हणजे १६ महिन्यांत वसूल. चांगला सौदा. पण त्यासाठी तीन महिने नोकरी सोडावी लागणार असेल तर त्या तीन महिन्यांच्या आवश्यक खर्चाचे ३०० ही त्यात धरायला हवेत. आता ५४० भागिले १५, म्हणजे ३६ महिने. सौदा तोच, पण विचार करावा लागेल असा. दोन वर्षांच्या आत वसूल होणाऱ्या गोष्टींना आधी पैसे द्या.

ते १५ कुठून आले, हे मात्र प्रामाणिकपणे तपासा. जाहिरातीतला आकडा घेऊ नका. त्याच कामात असलेल्या तिघांना विचारा, आणि ज्या नोकऱ्या हव्या आहेत त्यांच्या वीस जाहिराती वाचून ते प्रमाणपत्र किती ठिकाणी मागितले आहे ते मोजा. वीसपैकी दोन ठिकाणी असेल तर त्या पैशांत चांगली खुर्ची आणि वेगवान संगणक घेणे जास्त उपयोगाचे ठरू शकते.

पायरी ७: उरलेले पैसे लांबच्या वाटेला लावा

महिने पुरे झाले, महागडे कर्ज नाही, विमा आहे. आता गुंतवणूक. त्यातही मालक निवृत्ती खात्यात तुमच्याइतकीच भर घालत असेल तर तो वाटा पूर्ण घ्या. असा फायदा मिळत असेल तर इतर पायऱ्या संपायची वाटसुद्धा पाहू नका.

बाकीचे पैसे कधी लागणार आहेत त्यावरून विभागा. तीन वर्षांच्या आत लागणारे मुदत ठेवीत. तीन ते सात वर्षांचे निम्मे ठेवीत, निम्मे शेअर फंडात, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून बऱ्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात. त्याहून लांबचे प्रामुख्याने शेअर फंडात.

लवकर सुरुवात करण्याचे बळ मोठे आहे. बावीस ते बत्तीस अशी दहा वर्षे दर वर्षाअखेर १,००० गुंतवून थांबलेल्याचे ८ टक्के दराने साठाव्या वर्षी सुमारे १,२५,००० होतात. बत्तिसाव्या वर्षी सुरू करून साठीपर्यंत २८ वर्षे तेवढेच भरणाऱ्याचे सुमारे ९५,०००. एकाने १०,००० घातले, दुसऱ्याने २८,०००. हे कोष्टक तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल. त्यात सहसा न सांगितलेली गोष्ट म्हणजे महागाई. ती वर्षाला ५ टक्के धरली तर ३८ वर्षांनंतरच्या त्या सव्वा लाखाची आजची किंमत साडेएकोणीस हजारांच्या आसपास येते. पैसे दुप्पट होतातच, पण सव्वा लाखाची स्वप्ने रंगवू नका. दुप्पट होण्याचा काळ काढायला ७२ ला दराने भागायचे, हा नियम इटलीचा गणितज्ञ लुका पाचोली याने १४९४ मध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथातही आहे. महागाईलाही तोच लावा: ६ टक्के महागाईत गादीखाली ठेवलेल्या पैशांची किंमत बारा वर्षांत निम्मी होते.

शेअर फंड निवडताना व्यापक निर्देशांक फंडापासून सुरुवात करा. निर्देशांक म्हणजे बाजारातल्या ठरावीक कंपन्यांच्या भावांचा एकत्रित आकडा. असा फंड निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्यांच्या त्यातल्या वाट्याप्रमाणे घेतो, कोणती वर जाईल याचा अंदाज बांधत बसत नाही. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड आणला तेव्हा त्याला फारच थंड प्रतिसाद मिळाला होता. यामागचे तर्कशास्त्र अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मोजक्या शब्दांत मांडले: बाजारातले सगळे मिळून बाजाराइतकाच परतावा मिळवतात, त्यामुळे जास्त खर्च करून शेअर निवडणारे सरासरीने त्या खर्चाएवढे मागे राहणारच.

म्हणून फंडाच्या कागदपत्रात पहिला आकडा बघायचा तो वार्षिक खर्चाचा. ७ टक्के दराने ३० वर्षांत १०० चे ७६१ होतात. दर वर्षी १ टक्का खर्चात गेला तर ५७४. २ टक्के गेले तर ४३२. दुसरा आकडा म्हणजे फंडाचा परतावा निर्देशांकापेक्षा किती मागे राहतो. हा फरक जितका कमी तितके चांगले.

जोखीम आकड्यांत समजून घ्या. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये सुमारे ५७ टक्के पडला. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच आठवड्यांत ३४ टक्के. जपानच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ च्या डिसेंबरमध्ये गाठलेला उच्चांक पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. एकाच देशात सगळे पैसे ठेवू नयेत ते यासाठी. आणि ५० टक्के पडलेली गुंतवणूक मूळ पदावर यायला ५० टक्के वाढ पुरत नाही, १०० टक्के लागते. निम्मी झालेली रक्कम पाहूनही पुढचा हप्ता भरू शकाल एवढेच पैसे इथे घाला. एखाद्या कंपनीचे शेअर किंवा आभासी चलन घेऊन पाहायचेच असेल तर एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि ते गेले तरी चालतील असे धरून.

दोन ठिकाणी ठाम नकार द्या

पहिले, खात्रीचा मोठा परतावा. महिन्याला ३ टक्के ऐकायला मामुली वाटते, पण चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतात आणि दहा वर्षांत पैसे चौतीसपटीहून जास्त. खरोखर असा धंदा असता तर त्याच्या मालकाने तुमच्याकडे पैसे कशाला मागितले असते? चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बॉस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के देऊ केले होते आणि सुरुवातीच्या लोकांना दिलेही, नंतर आलेल्यांच्या पैशांतून. म्हणून ओळखीच्या माणसाला पैसे वेळेवर मिळाले, हा पुरावा धरू नका. अशा योजना त्याच पुराव्यावर पसरतात.

दुसरे, जामीन राहणे. मित्राच्या कर्जाला केलेली सही म्हणजे ते कर्ज तुमचेही. त्याने हप्ते बुडवले तर वसुली तुमच्याकडे येते आणि तुमची पत बिघडते. मदत करायचीच असेल तर परत आले नाहीत तरी नाते टिकेल एवढी रक्कम सरळ हातउसनी द्या.

वर्षातून एकदा, एक तास

तारीख ठरवून ठेवा. त्या दिवशी १०० चा आकडा नव्याने काढा, कारण भाडे आणि महागाईने तो वाढलेला असतो आणि गेल्या वर्षीचे सहा महिने आता साडेपाच झालेले असतात. कमी पडलेली रक्कम भरा. शेअर फंडाचा वाटा ठरवल्यापेक्षा फार वाढला असेल तर नवे पैसे काही महिने ठेवीत टाका, विकायची गरज पडत नाही. प्रत्येक खाते, ठेव, पॉलिसी आणि फंडावर वारसाचे नाव आहे का ते उघडून बघा. लग्न झाल्यावर किंवा मूल झाल्यावर ते बदलायचे राहून जाते. शेवटी एका कागदावर बँकांची, विमा कंपन्यांची आणि फंडांची नावे, खाते आणि पॉलिसी क्रमांक लिहा, पासवर्ड मात्र लिहू नका. कागद घरात ठेवा आणि तो कुठे आहे ते घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा.